पाचव्या मजल्याचा पेशंट

३ मार्च, सोमवार

त्रेपन्नाव्या वर्षी आज पुन्हा बाकावर जाऊन बसले. बाक अरुंद आहेत की मी रुंद झालेय, हा वाद न घातलेलाच बरा. वर्ग टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरतो. वर इंग्रजी आणि खाली रबराचा वास. आम्ही सात जण आहोत. माझ्याहून वयाने मोठा एकच, ॲम्ब्युलन्सवरचा ड्रायव्हर. त्याची ड्यूटी वर्ग सुटल्यावर सुरू होते म्हणून तो गाडी घेऊनच येतो आणि टायरच्या दुकानासमोर लावतो. दुकानदार कुरकुरतो की गिऱ्हाइकं घाबरतात.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, त्यामुळे वर्गात शिरतानाही आपली चादर नीट आहे का ते बघतेय असं वाटतं.

मी इथे का आले ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे कंटाळा आला की वाचता येईल. लॉन्ड्री बंद झाली. बावीस वर्षं मी तिच्या काउंटरवर उभी होते. डाग बघून माणूस ओळखायचे. मग क्लिनिकच्या फोनवर नोकरी मिळाली, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. आपल्या भाषेतले फोन मी उत्तम घेते असं मॅनेजरबाई स्वतः म्हणाल्या. पण निम्मे फोन इंग्रजीत येतात. ३१ मार्चला तोंडी परीक्षा. पास झाले तर कायम, नाही तर घरी.

गृहपाठ विचित्र आहे. रोज घरी एक फोन करायचा. एकाने पेशंट व्हायचं, एकाने क्लिनिक. खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, कारण फोनवर तोंड दिसत नाही. पेशंटने नावगाव, दुखणं सगळं मनाने रचून सांगायचं. फोन खाली ठेवेपर्यंत इंग्रजी सोडायचं नाही. आणि नंतर नोंदवहीत तारीख घालून चार ओळी लिहायच्या: काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने थांबतं.

घरी आम्ही दोघंच. तेव्हा पेशंट कोण होणार हे उघड आहे.

४ मार्च, मंगळवार

हे नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण लगेच खुर्ची ओढून बसले. ह्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा पक्कं आहे, फक्त ते सगळं लिफ्टच्या माहितीपुस्तकांतलं आहे. तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करतात. बोलावणं येतं ते लिफ्ट बंद पडल्यावरच, त्यामुळे माझा नवरा जन्मभर जिनेच चढत आला.

मी म्हटलं, ‘गुड इव्हिनिंग, क्लिनिक.’ तर पाठीमागून गंभीर आवाज आला, ‘माय लेफ्ट लेग इज आऊट ऑफ ऑर्डर. नो सर्व्हिस सिन्स संडे.’ मी इतकी हसले की फोन म्हणून धरलेला कंगवा हातातून पडला. वहीत काय लिहू? तक्रार: पाय बंद. कधीपासून: रविवार. सिस्टर काय म्हणतील देव जाणे.

७ मार्च, शुक्रवार

सिस्टर म्हणाल्या, माणूस आऊट ऑफ ऑर्डर होत नाही, यंत्र होतं. मी घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, ‘फरक काय असतो?’

आज वाक्प्रचार झाले. बरं नसलं की इंग्रज ‘अंडर द वेदर’ असतो, म्हणजे हवेच्या खाली. आपल्याला नुसती कणकण असते. आणि तब्येत उत्तम असली की तो ‘फिट ॲज अ फिडल’, म्हणजे व्हायोलिनसारखा. ड्रायव्हरने हात वर करून विचारलं की फिडलची तब्येत चांगली असते हे कुणी पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, ‘आपण ठणठणीत म्हणतो, म्हणजे आपण काय पितळेची भांडी आहोत?’ मी दोन्ही लिहून घेतलं.

संध्याकाळी ह्यांनी मात्र मन लावून पेशंट केला. स्वतःला ‘मिस्टर फिफ्थ फ्लोर’ म्हणवून घेतलं. म्हणे जिना चढताना पाचव्या मजल्यावर छातीच्या मधोमध काहीतरी येऊन बसतं. मी विचारलं, ‘पेन?’ तर म्हणाले, ‘नो पेन. लोड.’ कधीपासून? जानेवारी. कशाने थांबतं? ‘स्टॉप टू मिनिट्स. देन ओके.’ इतकी मुद्देसूद उत्तरं खरे पेशंटसुद्धा देत नाहीत. ते आधी जावयाचं सांगतात, मग शेजाऱ्याचं, आणि मग पोटाचं.

मी उद्या दहाची वेळ दिली. ‘नो, नो. आफ्टर थर्टी-फर्स्ट मार्च, प्लीज.’ मी कारण विचारलं तर म्हणाले, पेशंट कामात आहे. असले नग मला रोज भेटतात. हुबेहूब वठवला.

१० मार्च, सोमवार

ह्यांचे बनियन आता रोज पिळून निघतात. अजून हवेत गारवा आहे, मी सकाळी शाल घेऊन बसते आणि ह्यांचा घाम. कंपनीने नवा गणवेश दिलाय, कापड बघितलं, निव्वळ प्लास्टिक. बावीस वर्षं कपडे हाताळलेत, मला कळतं. उद्या आत सुती शर्ट घालायला लावणार आहे.

ॲसिडिटीची पावडरही पुन्हा आणलीय. बाहेरचं अरबट चरबट खाऊ नका म्हणून किती सांगायचं. बरं वाटत नाहीये का विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘काही नाही गं.’ लग्नाला एकतीस वर्षं झाली. ह्या माणसाने स्वतःच्या तब्येतीबद्दल मला ह्या तीन शब्दांपलीकडे काही सांगितलेलं नाही.

११ मार्च, मंगळवार

आज नवीन पेशंट. मिस्टर फोर्थ फ्लोर. ह्याचा लोड वर सरकतो म्हणे, जबड्यात, डाव्या दाढांपर्यंत. कालच वर्गात दातदुखीचा धडा झाला होता आणि मी जेवताना तो मोठ्याने घोकत होते, तिथूनच उचललं असणार. मी ऐटीत म्हटलं, ‘फॉर टूथ, यू मस्ट सी द डेंटिस्ट.’ जरा वेळाने उत्तर आलं, ‘मे बी.’

माझा आत्मविश्वास वाढतोय. ‘सिन्स व्हेन’ आता न अडखळता येतं. ह्यांना सांगितलं की तुम्ही लिफ्टमध्ये उगाच गेलात, नाटकात जायला हवं होतं. नुसते हसले.

१४ मार्च, शुक्रवार

आज दुखण्याचे शब्द. सिस्टरनी फळ्याच्या एका बाजूला इंग्रजी लिहिलं: डल, शार्प, बर्निंग, थ्रॉबिंग, शूटिंग. मग म्हणाल्या, आता आपले सांगा. ठणका, कळ, चमक, शिणका, उसण, ठसठस, चुरचुर, भगभग, आणि मी एकटीने आणखी चार घातले. फळा भरला. सिस्टर म्हणाल्या, ‘एवढे शब्द असूनसुद्धा वॉर्डात आलेला माणूस काय म्हणतो? जरा दुखतंय.’

मी विचारलं, दुखणं अंगावर काढणं, ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं? सिस्टरनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, ‘नेमका शब्द मला नाही सापडला. आम्ही केसपेपरवर लिहायचो, केम लेट. उशिरा आला.’ उत्तर मला काही पटलं नाही, पण वहीत उतरवून घेतलं.

१६ मार्च, रविवार

बाजारात गेलो होतो. ह्यांच्यात एक छान बदल झालाय. पूर्वी हे दहा पावलं पुढे आणि मी पिशव्या घेऊन मागे. आता माझ्या बरोबरीने चालतात. मध्येच थांबून दुकानांच्या पाट्या वाचतात. पुलाच्या चढावर तर तीनदा थांबले. एक पाटी चाव्या बनवणाऱ्याची, एक चष्म्याची आणि एक कसलीच नव्हती, नुसता खांब होता. म्हटलं चला, म्हातारपणी का होईना, माणसाला आजूबाजूचं दिसायला लागलं.

लेकीचा फोन आला. ‘बाबा कसे आहेत? आवाज दमल्यासारखा वाटला.’ मी म्हटलं, ‘फिट ॲज अ फिडल. रोज संध्याकाळी नाटक करतात.’ तिला शब्द माहीत होता. मग उगाच वाटलं की आणखी एखादा कठीण टाकायला हवा होता.

२० मार्च, गुरुवार

आजचा फोन उत्कृष्ट झाला. पेशंट मिस्टर थर्ड फ्लोर. लोड आता डाव्या हातात उतरतो, घाम येतो, पाच मिनिटं बसावं लागतं. क्लिनिकच्या फोनशेजारी एक लाल यादी चिकटवलेली असते. त्यातलं काही ऐकलं की वेळबीळ द्यायची नाही, फोन सरळ ड्यूटी नर्सकडे जोडायचा. छाती, हात, घाम, तिन्ही यादीत आहेत. पेशंट नेहमीप्रमाणे एप्रिलची वेळ मागत होता, पण मी खमकेपणाने म्हटलं, ‘नो सर. दिस कॅनॉट वेट. आय ॲम कनेक्टिंग यू टू द ड्यूटी नर्स नाऊ.’ एकही चूक नाही. आणि कंगव्यावरचं काल्पनिक बटण दाबलं.

मग हे म्हणाले, ‘शाब्बास. पास होणार तू.’ मी वळून बघितलं तर डोळे पुसत होते. मलाही भरून आलं. मग आम्ही जेवलो.

२२ मार्च, शनिवार

चहा पिताना हे आपणहून बोलले. क्वचित होतं म्हणून लिहून ठेवते. म्हणाले, ‘ह्या वेळी मध्येच सोडायचं नाही.’

मला कळलं कशाबद्दल ते. तीस वर्षांपूर्वी मी नर्सिंगला होते. दुसऱ्या वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि मी घरी बसले. कुणी बस म्हणालं नव्हतं, पण कुणी नको बसू असंही म्हणालं नव्हतं. ह्यांनी तेव्हा एक शब्द काढला नाही. मला वाटायचं ह्यांच्या ते लक्षातही नाही.

मी म्हटलं, ‘आता कुणासाठी सोडणार? घरात सगळे ठणठणीत.’ हे म्हणाले, ‘तेच तर.’

२५ मार्च, मंगळवार

आज बिघडलं. मिस्टर सेकंड फ्लोर बोलता बोलता थांबले. मी चार वेळा ‘हॅलो’ केलं. आधी वाटलं मुद्दाम करतायत, कारण खरे पेशंटही असे गप्प होतात आणि आपण लाइन सोडायची नसते. पण मग चांगलंच लांबलं. विचारलं, ‘आर यू ऑन द लाइन?’ तर म्हणाले, ‘हो. थांब जरा.’

नियम म्हणजे नियम. फोन चालू असताना इंग्रजीच बोलायचं. मी जरा जोरातच बोलले की सहा दिवसांवर परीक्षा आलीय आणि तुम्हाला थट्टा सुचते. हे ‘सॉरी’ म्हणाले आणि आत जाऊन पडले. जेवायला उठले नाहीत.

आता वाईट वाटतंय. दिवसभर राबून आलेल्या माणसाला मी खुर्चीत बसवून उलटतपासणी घेते. परीक्षा झाली की दोन दिवस कुठेतरी जाऊ.

२९ मार्च, शनिवार. सकाळ

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून लिहितेय. नुसतं बसवत नाही.

काल वर्गात सिस्टर सगळ्यांच्या नोंदवह्या तपासत होत्या. माझी उघडली आणि तिथेच थांबल्या. पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या. मला वाटलं चांगलं लिहिलंय म्हणून. तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘हे पेशंट कोण बनवतं?’

‘आमचे हे.’

‘काम काय करतात?’

‘लिफ्ट दुरुस्ती.’

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘इकडे या. बाकीच्यांच्या घरचे पेशंट बघा. एक दिवस ताप, दुसऱ्या दिवशी मोडलेला हात, तिसऱ्या दिवशी साप चावला. रचून सांगणारा माणूस असाच सांगतो. तुमच्याकडे सात तारखेला पाचवा मजला. अकराला चौथा. वीसला तिसरा. पंचवीसला दुसरा. बाई, हे चार पेशंट नाहीत.’

मला पुलावरचा खांब आठवला.

‘वीस तारखेला तुम्ही ड्यूटी नर्सला जोडून दिलंत. बरोबर केलंत. पुढे?’

मी म्हटलं, ‘पुढे जेवलो.’

सिस्टरनी विचारलं ते आत्ता कुठे आहेत. नऊ मजली इमारतीची लिफ्ट बंद आहे, सकाळीच सांगून गेले होते. फोन लावला, उचलला नाही. ड्रायव्हर तोवर चावी घेऊन दारात उभा होता. सिस्टर म्हणाल्या, ‘सापडले की चढू देऊ नका आणि उतरूही देऊ नका. बसवा.’ आणि स्वतःच गाडीत चढल्या.

इमारतीच्या वॉचमनने जिन्याकडे बोट दाखवलं. मी सगळ्यांच्या पुढे गेले. हे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हत्यारांच्या पेटीवर बसले होते. कपाळ ओलं, चेहरा राखेसारखा. मला बघून ताठ बसायला गेले. म्हटलं, ‘काय करताय?’ तर म्हणाले, ‘काही नाही गं. पाटी वाचत होतो.’ भिंत कोरी होती.

मला इतका राग आला की ओरडणार होते. पण ओरडले असते तर पुन्हा ते तीन शब्दच मिळाले असते, हे मला ठाऊक होतं. मी दोन पायऱ्या खाली, त्यांच्याकडे पाठ करून बसले. म्हटलं, ‘गुड इव्हिनिंग, क्लिनिक. हाऊ कॅन आय हेल्प यू?’

मागून नुसता श्वास ऐकू येत होता. सिस्टर खाली जिन्यात थांबल्या आणि त्यांनी ड्रायव्हरलाही हाताने थांबवलं.

‘लोड,’ हे म्हणाले. ‘टुडे व्हेरी हेवी लोड.’

‘सिन्स व्हेन, सर?’

‘जानेवारीपासून गं.’

मी नियम मोडल्याबद्दल बोलले नाही. सिस्टर वर आल्या, नाडी धरली, जिभेखाली गोळी ठेवली. लिफ्ट बंद, म्हणून ड्रायव्हर आणि वॉचमनने ह्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. जिन्यातून जाताना हे ड्रायव्हरला सांगत होते की दहा मिनिटं द्या, एक रिले बदलायचा राहिलाय, मग सगळेच लिफ्टने जाऊ. सिस्टरनी त्यांना एकच शब्द सांगितला, ‘गप्प.’

रात्रीच हृदयाची एक नळी फुग्याने उघडून आत जाळी बसवली. आता झोपलेत.

३० मार्च, रविवार

डॉक्टर तरुण आहेत, लेकीच्याच वयाचे. त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं होतं की त्रास कधी सुरू झाला, आणि मी तोंड उघडायच्या आत सिस्टरनी माझी नोंदवही त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली. तारखा, काय होतंय, कशाने वाढतं, कशाने थांबतं. आज म्हणाले, ‘इतकी व्यवस्थित नोंद मला कुठल्याच नातेवाइकाने दिली नव्हती. त्यावरून किती वेगाने वाढलंय ते लगेच कळलं.’ मी मान खाली घातली. सगळं माझ्याच अक्षरात होतं आणि मला त्यातलं काहीच वाचता आलं नव्हतं.

ह्यांना विचारलं, का नाही सांगितलंत? म्हणाले, ‘सांगत होतो की रोज.’

‘मला सांगायचं. पेशंट होऊन नाही.’

मग म्हणाले, ‘तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून माझ्या उशाशी बसली असतीस. आईच्या वेळी बसलीस तशी. एकतीस तारीख गेली की सांगणार होतो. पण पोटातही राहीना. मग त्या खुर्चीत बसलं की बोललं जायचं. तुझं तोंड दिसायचं नाही ना.’

मी बाहेर येऊन रडले. राग ह्यांचा आलाय, पण माझा त्याहून जास्त. लोकांचे डाग ओळखून बावीस वर्षं पोट भरलं, आणि ओले बनियन हातात धरून मी कापडाला नावं ठेवत बसले.

३१ मार्च, सोमवार

परीक्षेला गेले नाही. सकाळी मॅनेजरबाईंना फोन केला की जमणार नाही आणि माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर द्या. ते बोलणं ह्यांनी ऐकलं. औषधांच्या नळ्या लावलेल्या असताना माणूस इतका चिडू शकतो हे मला माहीत नव्हतं. नर्स धावत आली आणि तिने मलाच खोलीबाहेर काढलं.

कॉरिडॉरमधूनच पुन्हा फोन लावला. म्हटलं, जागा ठेवा, मला आठ दिवस हवेत. मॅनेजरबाई म्हणाल्या, ‘पहिला फोन मी ऐकलाच नव्हता असं समजते.’

८ एप्रिल, मंगळवार

हे घरी आले. पहिल्या मजल्यावरचं आपलं घर, सोळा पायऱ्या, हळूहळू, मध्ये एकदा थांबून. थांबल्यावर मी विचारलं, ‘पाटी?’ तर म्हणाले, ‘नाही. दम.’ एवढं सरळ उत्तर ऐकून मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

लेक आठवडाभरासाठी आलीय. बाबांवर पहारा तिचा, म्हणून मला आज परीक्षेला जाता आलं. समोर दोन जण आणि मध्ये पडदा, फोनसारखंच. पडद्यामागचा माणूस म्हणाला की त्याला काही विशेष नाही, फक्त जरा थकवा आहे आणि एखाद्या निवांत दिवशी वेळ द्या. मी त्याला सोडलाच नाही. कधीपासून, कुठल्या कामानंतर, पूर्वी किती चालायचात, आता किती, वाटेत थांबता का, थांबून काय करता. शेवटी पडद्यामागून आवाज आला, ‘मॅडम, माझ्या कागदावर एवढं दिलेलंच नाहीये.’

पास झाले. कायम.

११ एप्रिल, शुक्रवार

वर्गात गेले. सिस्टरनी गृहपाठाचा नियम बदललाय. खुर्च्या पाठीला पाठ लावूनच, दुखणं मनाने रचूनच. पण फोन ठेवल्यावर खुर्च्या वळवायच्या आणि आपल्या भाषेत एकदा विचारायचं, खरं कसं आहे. ड्रायव्हर म्हणाला की त्याची बायको त्याला हे रोज विचारते आणि तो उत्तर देत नाही. सिस्टर त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्याने वहीत लिहून घेतलं.

आज ‘ऑन द मेन्ड’ शिकलो. दुरुस्त होत चाललेला. म्हणजे यंत्राचा शब्द माणसालाही चालतो तर. घरी सांगितलं, ह्यांना फार आनंद झाला.

१९ एप्रिल, शनिवार

विशेष काही नाही. लेक परत गेली. हे आता गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतात. कंपनीने जमिनीवरचं काम देऊ केलंय, ऑफिसात बसून नव्या मुलांना शिकवायचं. जिने नाहीत म्हणून जरा तोंड पाडून बसलेत.

दुपारी मी कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघरातून हाक आली, ‘अगं, जरा इकडे ये.’

हातातली चादर तशीच टाकून धावले. हे डबा उघडायला गेले होते, पत्र्याने बोट कापलं होतं. तांदळाएवढी चीर, रक्ताचे दोन थेंब. एरवी असल्या बोटाला चिंधी गुंडाळून दिवसभर काम केलेला माणूस. बोट माझ्यासमोर धरून म्हणाले, ‘दुखतंय गं. चुरचुरतंय.’

मी बोट धुतलं, पट्टी लावली. मग नोंदवही काढून समोर बसले आणि तारीख घातली. हे म्हणाले, ‘आता हे पण लिहिणार?’ मी म्हटलं, ‘तक्रार सांगा.’

‘बोट कापलं.’

‘कधीपासून?’

‘आत्ताच.’

तेच लिहिलं. कधीपासून: आत्ताच.